लिनक्ससमोरच्या खुर्च्या रिकाम्या का?

पत्र :

स. न. वि. वि.
आमच्या तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथल्या कार्यकारिणीवर आहे. वाचनालयात आठ संगणक आहेत, सगळे २०१६-१७ च्या सुमाराला घेतलेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ या संगणकांवर चढत नाही. नवे घ्यायला पैसे नाहीत. मी घरी बरीच वर्षं विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्सची मोफत सिस्टीम वापरतो, म्हणून पुढाकार घेऊन चार संगणकांवर उबुंटू टाकलं. आता परिस्थिती अशी की विंडोजच्या चार संगणकांसाठी मुलं नंबर लावून बसतात आणि माझे चार रिकामे असतात. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं ते चांगलंच असेल, पण मला सूचना टाईप करायची असते." अध्यक्ष म्हणतात, फुकटच्या गोष्टीला लोक किंमत देत नाहीत. मी मुलांना ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर, समजावून सांगितलं, भिंतीवर माहितीचा तक्ता लावला. काही फरक नाही. मग उबुंटू जगभर सामान्य माणसांत एवढं लोकप्रिय झालं ते कशामुळे? आणि आमच्याकडे का होत नाही?
– एक कार्यकर्ता, सातारा जिल्हा

उत्तर :

नमस्कार.

सगळ्यात आधी, चार धडधाकट संगणक भंगारात जाऊ दिले नाहीत याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. पत्रात कोणी तुमचं कौतुक केल्याचं दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचे संगणक त्याच्या आधीचे. ते बिघडलेले नाहीत, नव्या अटींत बसत नाहीत एवढंच. असे संगणक आज गावोगावच्या शाळांत, पतसंस्थांत, ग्रामपंचायतींत आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न एका वाचनालयापुरता नाही.

अध्यक्षांचं बोलणं तुम्हाला लागलेलं दिसतं. पण त्यात तथ्य आहे. 'फुकट' हा मुद्दा आपल्याकडे कधी चाललाच नाही, कारण आपल्याकडे बहुतेकांना विंडोजसुद्धा फुकटच मिळालं. संगणक जोडून देणारा "विंडोज टाकून देतो" म्हणायचा, जाता जाता ऑफिस टाकायचा, फोटोशॉप टाकायचा. त्याचे वेगळे पैसे त्याने मागितले नाहीत आणि आपण विचारले नाहीत. ज्यांनी रीतसर पावती घेऊन लॅपटॉप घेतला त्यांच्या किमतीत ते आधीच धरलेलं होतं. म्हणजे ज्या खर्चातून तुम्ही लोकांना सोडवू पाहताय, तो खर्च त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. तक्त्यावर 'मोफत' असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी त्यांना त्यात आपला फायदा दिसणार नाही.

आणि नुसतं मोफत असणं पुरलं असतं, तर लिनक्स १९९० च्या दशकातच घरोघरी पोहोचलं असतं. लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहायला घेतला तो १९९१ मध्ये. त्यावर उभा केलेला डेबियन हा तयार संच १९९३ पासून आहे. उबुंटू आलं ऑक्टोबर २००४ मध्ये, तेही याच डेबियनच्या पायावर. आतला बराचसा माल तोच, किंमतही तीच, म्हणजे शून्य. तरी दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की लिनक्स म्हटल्यावर लोकांच्या तोंडी उबुंटूचं नाव यायचं. या मधल्या काळात काय बदललं हे नीट पाहिलं, की तुमच्या रिकाम्या खुर्च्यांचंही उत्तर सापडतं.

तेव्हा लिनक्स बसवणं म्हणजे काय असायचं ते तुम्हाला आठवत असेल. तीन-चार सीड्या, नाहीतर मासिकाबरोबर आलेली डीव्हीडी. बसवायला घेतलं की प्रश्न सुरू : डेस्कटॉप केडीई हवा की ग्नोम? मेलसाठी यातला कोणता प्रोग्राम? एडिटर कोणता? पुढे शेकडो पॅकेजेसची यादी आणि प्रत्येकासमोर खूण करायची चौकट. जाणकाराला हे स्वातंत्र्य वाटतं. ज्याला मुलीला एक ईमेल पाठवायचा आहे, त्याला ती न अभ्यास करता दिलेली परीक्षा वाटते. उबुंटूने हे सगळे प्रश्न स्वतःच सोडवून टाकले. एकच सीडी. डेस्कटॉप ग्नोम, ब्राउझर फायरफॉक्स, लिहायला ओपनऑफिस, मेलला इव्होल्यूशन. एका कामाला एक प्रोग्राम. पुढे हवं ते बदला, पण पहिल्या दिवशी तुमच्यावर निवडीचं ओझं नाही. माझं स्पष्ट मत आहे की उबुंटूच्या यशात सगळ्यात मोठा वाटा याचा आहे. त्याबद्दल बोललं फार कमी जातं, कारण लिनक्सबद्दल बोलणारी बहुतेक माणसं निवडण्यात रमणारी असतात.

दुसरी गोष्ट, आधी बघायची मुभा. सीडी घालून संगणक सुरू केला की हार्ड डिस्कला हात न लावता सगळं चालवून बघता यायचं. नाही आवडलं तर सीडी काढा, विंडोज जिथल्या तिथे. ही युक्ती उबुंटूची नव्हे, नॉपिक्स या दुसऱ्या लिनक्सने ती आधीच लोकप्रिय केली होती. पण २००६ च्या ६.०६ आवृत्तीपासून बघायची सीडी आणि बसवायची सीडी एकच झाली. वापरता वापरता पटलं, की समोरच्याच चित्रावर क्लिक करून बसवायचं.

आणि ती सीडी घरी यायची! मार्क शटलवर्थ हा दक्षिण आफ्रिकेचा माणूस. आपली थॉट ही कंपनी व्हेरिसाइनला विकून त्याच्याकडे भरपूर पैसा आला होता, २००२ मध्ये तो अंतराळातही जाऊन आला. त्याच पैशातून त्याने कॅनॉनिकल ही कंपनी उभी केली आणि उबुंटू सुरू केलं. 'शिपइट' नावाची त्यांची योजना २००५ पासून २०११ पर्यंत चालली. पत्ता भरायचा, की छापील पाकिटातली सीडी टपालाने घरपोच, टपालखर्चही त्यांचाच. आपल्याकडे तेव्हा सातशे एमबी उतरवायचे म्हणजे रात्रभर नेट चालू ठेवायचं आणि महिन्याचा कोटा संपवायचा. त्या दिवसांत कॉलेजच्या मुलांनी या सीड्या मागवल्या आणि होस्टेलवर, वर्गात वाटल्या. जो सीडी द्यायचा त्यालाच पुढे "अरे, हे साउंड चालत नाही" म्हणून विचारलं जायचं, आणि तो येऊन बसायचा. सीडीबरोबर एक ओळखीचा माणूसही यायचा. कॅनॉनिकलने पैसे टपालावर खर्च केले, पण त्यातून खरं काय उभं राहिलं असेल तर ही अडल्यानडल्याला येणारी माणसं.

प्रश्न विचारणाऱ्याशी कसं वागायचं याचाही त्यांनी विचार केला होता. त्याआधीच्या लिनक्स मंडळींत नवख्याने काही विचारलं, की "आधी मॅन्युअल वाचून ये" असं ऐकावं लागायचं. उबुंटूने सुरुवातीपासूनच लेखी आचारसंहिता ठेवली : दुसऱ्याचा मान राखा, सौम्य शब्दांत बोला. "माणसांसाठी लिनक्स" हे त्यांचं घोषवाक्य होतं आणि ते त्यांनी वागणुकीतून पाळायचा प्रयत्न केला.

आता उलट बाजू. २००६ मध्ये क्लेमेंट लफेव्र याने उबुंटूच्याच पायावर लिनक्स मिंट सुरू केलं. तेव्हा उबुंटूत एमपी३ गाणं थेट वाजत नसे, कारण त्या तंत्रावर पेटंट होतं आणि ते सोबत देणं कायद्याच्या दृष्टीने अडचणीचं होतं. मिंटने ते आधीच घालून दिलं. गाणं वाजलं! ज्यांना पेटंटचा प कळत नव्हता, त्यांना एवढं पुरेसं होतं. पुढे २०११ मध्ये उबुंटूने ११.०४ पासून युनिटी हा नवा डेस्कटॉप आणला, खालचा पट्टा गेला, डावीकडे उभा पट्टा आला, ओळखीचा मेनू गेला. त्याच्या आधीच्या वर्षी खिडकी बंद करायची बटणं उजवीकडून डावीकडे गेली होती. तांत्रिकदृष्ट्या युनिटी वाईट नव्हता, मला स्वतःला आवडायचा. पण कितीतरी लोक तिथून उठून मिंटकडे गेले. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं आणि तशीच नाराजी ओढवून घेतली. शेवटी उबुंटूनेही २०१७ मध्ये युनिटी सोडून ग्नोम पुन्हा घेतला. रोजचं काम करणाऱ्या माणसाला नवं दिसण्यात रस नसतो. काल जे जिथे होतं ते आज तिथे सापडलं पाहिजे, ही त्याची मागणी असते आणि ती पूर्ण रास्त आहे.

हे सगळं तुमच्या वाचनालयाला लावून पाहू. तुम्ही चार संगणकांवर उबुंटू टाकलं, पण त्यांच्यासमोर बसणाऱ्याची कामं आधी त्यावर करून पाहिली का? पत्रात ओपन सोर्सबद्दल आहे, तक्त्याबद्दल आहे. मुलं तिथे येऊन नेमकं काय करतात, याबद्दल एक ओळ नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मॅडमचं आहे : मला सूचना टाईप करायची असते. तिथूनच सुरुवात करा.

मॅडमना आधी विचारा, मराठी कशी टाईप करता? आपल्याकडे याची निदान चार उत्तरं येतात. काही जण इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे करतात. काही जण इनस्क्रिप्ट कळफलक वापरतात. ज्यांनी शासनाची टायपिंगची परीक्षा दिली, त्यांची बोटं टाईपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेली असतात. आणि काही जण अजून श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटवर आहेत. लिनक्समध्ये या पहिल्या तिन्हींची सोय आहे. आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याच्या जोडीचं एम१७एन पॅकेज टाकलं, की मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक, इतकंच काय, आपलं गमभनही दिसतं. मॅडम इनस्क्रिप्टवाल्या असतील तर सोपं, कारण तो भारत सरकारने ठरवलेला कळफलक आहे, विंडोजवर जी कळ तीच इथे. वार्षिक सभेच्या सूचनेत 'पदाधिकाऱ्यांची निवड' हे शब्द येणारच. त्यातला ऱ्या तुम्ही स्वतः आधी टाईप करून बघा. इनस्क्रिप्टवर : शिफ्ट धरून जे, मग डी, मग य आणि काना. तो नीट उमटला, छापून आल्यावरही नीट दिसला, की मगच मॅडमना खुर्चीवर बसवा. पहिल्याच सूचनेत 'पदाधिकार्यांची' असं आलं तर त्या परत कधी बसणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

फाँटची काळजी करू नका. रेड हॅटने खुला केलेला लोहित देवनागरी लिनक्सबरोबर बहुधा येतोच. छपाईला जरा देखणा हवा असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' फाँट घ्या, तोही मुक्त परवान्याचा. खरी अडचण येईल ती जुन्या फायलींची. गेल्या दहा वर्षांच्या सूचना, इतिवृत्तं, वर्गणीदारांच्या याद्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील, तर लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचात उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसेल. लोक म्हणतील, लिनक्सने फायली खराब केल्या. म्हणून आधीच सांगून ठेवा : या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत, तो फाँट नसलेल्या विंडोजवरही त्या अशाच दिसतात. ज्या पुन्हा लागणार आहेत तेवढ्याच फाँट कन्व्हर्टरमधून काढून घ्या, प्रत्येक पान मूळ प्रतीशी ताडून बघा, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. बाकीच्या मूळ स्वरूपात जपून ठेवा. हे काम किचकट आहे, पण एकदा झालं की ते लिनक्सच्याच नव्हे, वाचनालयाच्याही कामाचं आहे. लिबरऑफिसच्या सेटिंगमध्ये फाइल वर्डच्या डॉकएक्स स्वरूपात जतन होईल असं ठरवून ठेवा, म्हणजे मॅडमनी तालुक्याला पाठवलेलं पत्र तिकडे उघडेल.

आता मुलं. तालुक्याच्या वाचनालयात येणारी मुलं बहुतेक स्पर्धा परीक्षांची असतात, त्यांना फॉर्म भरायचे असतात. तिथे अडतं कुठे? फोटो वीस ते पन्नास केबीत हवा, सही दहा ते वीस केबीत हवी, अशा अटी असतात. विंडोजवर हे कोणत्या प्रोग्राममध्ये करायचं ते एकमेकांकडून शिकलेलं आहे. लिनक्सवर ते कोणाला माहीत नाही, म्हणून मुलगा दोन मिनिटं बसतो आणि उठून रांगेत जातो. तुम्ही जिम्प हा फोटोवर काम करायचा मोफत प्रोग्राम टाका. फोटो उघडून जेपीईजीत एक्सपोर्ट करताना प्रतिमेचं पूर्वदृश्य दाखवायची खूण केली, की गुणवत्तेची पट्टी सरकवता सरकवता फाइल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं. या चार पायऱ्या मराठीत एका कागदावर लिहून प्रत्येक संगणकाच्या बाजूला चिकटवा. तुमच्या ओपन सोर्सच्या तक्त्याच्या जागी हा कागद लावलात तर माझ्या मते आठवड्यात फरक दिसेल. ब्राउझर तर तोच आहे, क्रोम म्हणा किंवा फायरफॉक्स, त्यामुळे फॉर्म भरण्यात वेगळं काही नाही. हे मुलांना माहीत नसतं, खुर्चीवर बसेपर्यंत कळतही नाही.

लिनक्स जिथे सरळ सरळ उजवं आहे अशा दोन गोष्टी वाचनालयासाठी फार मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे पाहुण्यांचं सत्र. मिंटच्या लॉगिन सेटिंगमध्ये ते चालू करता येतं (मिंट का, ते पुढे सांगते). मुलगा 'गेस्ट' म्हणून आत जातो, काम करतो, लॉगआउट करतो, की त्याचं सगळं पुसलं जातं : उघडा राहिलेला जीमेल, उतरवलेलं हॉल तिकीट, आधार कार्डाची प्रत, सगळं. सार्वजनिक संगणकावर आपली कागदपत्रं राहून जातात ही भीती मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांना जास्त असते, त्यांना हे जरूर सांगा. दुसरी म्हणजे पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले असतात आणि आतलं गेलं म्हणून मुलं रडकुंडीला येतात. तो विंडोजचा व्हायरस लिनक्सवर चालत नाही, आणि त्याने लपवलेले मूळ फोल्डर लिनक्समध्ये बहुतेक वेळा समोरच दिसतात. अशी एखादी मुलगी रांगेत दिसली, की तिला बोलवा, पेन ड्राइव्ह लावा, तिच्या नोट्स तिला परत काढून द्या. ती कोणाला लिनक्सचं तत्त्वज्ञान सांगणार नाही. "तिकडच्या कॉम्प्युटरवर निघतं" एवढंच सांगेल, आणि तेवढं पुरतं.

आता एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. उबुंटू काढून मिंट टाका. तुमच्या बोटांना उबुंटूची सवय आहे, पण हे संगणक तुमच्यासाठी नाहीत. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत मेनू खाली डावीकडे, घड्याळ खाली उजवीकडे, खिडकीची बटणं उजव्या कोपऱ्यात. विंडोज ७ वा १० वर वाढलेल्या माणसाचा हात आपोआप तिथे जातो. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळत राहतील, म्हणजे तोपर्यंत तुम्हाला काही उलथापालथ करावी लागणार नाही. रॅम चार जीबी असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या, हलकी आहे. टाईमशिफ्ट चालू ठेवा, काही बिघडलं तर सिस्टीम कालच्या स्थितीला नेता येते. आणि जो काही थोडाफार निधी असेल तो एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर, खर्च करा. २०१६ च्या संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर कोणतीही सिस्टीम टाका, तो रांगतच चालणार, आणि दोष लिनक्सला मिळणार.

चारही एकदम करू नका. दोन संगणक आधी पूर्ण तयार करा, एक मुलांसाठी आणि एक वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांसाठी. ज्येष्ठांच्या संगणकावर अक्षरं मोठी, डेस्कटॉपवर चार-पाच वृत्तपत्रांची चित्रं, बाकी काही नाही. तुमचा अंदाज कदाचित उलटा असेल, पण ज्येष्ठ मंडळी मुलांपेक्षा लवकर रुळतील, कारण त्यांची कामं मोजकी असतात आणि ती रोज तीच असतात. एक विंडोज संगणक मात्र राहू द्या. वाचनालयाचे हिशेब टॅलीत असतील, कोणाची डिजिटल सहीची यूएसबी लागत असेल, तर ती कामं तिथेच करा. लिनक्सवर ओढूनताणून बसवायला गेलात, तर एका अडलेल्या कामापायी उरलेली नऊ चालू कामंही बदनाम होतील. बाकीच्या तीन विंडोज संगणकांबद्दल अध्यक्षांना एकच सांगा : अपडेट बंद झालेल्या संगणकावर मुलं आपले पासवर्ड टाकताहेत, आणि ती जबाबदारी वाचनालयाची आहे. हा मुद्दा त्यांना पटेल, फुकटचा पटला नाही तरी.

तुम्ही विचारलंत, आमच्याकडे का होत नाही. केरळमध्ये झालं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये दीड-दोन दशकं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवलं जातं, आधी आयटी@स्कूल या प्रकल्पातून आणि आता काइट या संस्थेमार्फत. संगणक लाखांच्या घरात आहेत, त्यावरची सिस्टीम उबुंटूवर आधारलेली आहे, पाठ्यपुस्तकं त्यावर बेतलेली आहेत, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावरच होते. पण संगणकांच्या बरोबरीने त्यांनी शिक्षक तयार केले. प्रत्येक शाळेत या विषयाची जबाबदारी घेणारा एक शिक्षक नेमला, अडलं तर विचारायला माणूस शाळेतच. इतक्या मोठ्या प्रमाणात सामान्य घरांतली मुलं लिनक्सवर शिकली त्याचं कारण माझ्या मते हे आहे, आणि महाराष्ट्रात आपण हे करू शकलो नाही याची मला खरंच खंत वाटते. पुण्यात बसून लोकांनी मराठीचे फाँट आणि भाषांतरं केली, ती जगभर गेली, आणि आपल्याच शाळांत ती कोणी उघडली नाहीत.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेचं उदाहरणही लक्षात असू द्या. २०१३ पर्यंत त्यांनी सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. कारणं अनेक सांगितली जातात, राजकीयही. पण वरच्या माणसांचा पाठिंबा बदलला की झालेलं कामही फिरतं, हे त्यातून दिसतं. तुमच्याकडे आज सगळं तुमच्या एकट्यावर आहे. तुम्ही आठ दिवस बाहेरगावी गेलात आणि प्रिंटर अडला, तर मॅडम संगणक जोडून देणाऱ्याला बोलावतील, तो "सर, विंडोज टाकून देतो" म्हणेल, आणि संध्याकाळपर्यंत ते झालेलं असेल. म्हणून रोज येणाऱ्या मुलांपैकी दोघांना तयार करा. प्रिंटर पुन्हा जोडणं, नेट गेलं तर काय बघायचं, टाईमशिफ्टने मागे कसं जायचं, एवढं त्यांना आलं पाहिजे. त्यांचे फोन नंबर मॅडमच्या टेबलावर ठेवा. पहिला महिना तुम्ही स्वतः संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तिथे बसा, आणि कोणी अडखळलं तर माऊस हातातून घेऊ नका, त्यांच्याच हाताने करू द्या.

ओपन सोर्सबद्दल बोलायचं सोडा असं मी म्हणत नाही. ते मलाही मनापासून पटतं. पण त्याची वेळ नंतर येते. एखादा मुलगा आपणहून विचारेल, "सर, हे बनवतं कोण, पैसे कसे घेत नाहीत?" तेव्हा त्याला सगळं सांगा, त्याच्या मोबाइलमधल्या अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्सचाच कर्नल आहे हेही सांगा. तोवर तक्ता उतरवून ठेवायला हरकत नाही.

एक माहिती तुमच्या पत्रात नाही, ती मात्र आधी हवी : वाचनालयात प्रिंटर आणि स्कॅनर कोणता आहे? एचपीच्या बहुतेक प्रिंटरना एचपीएलआयपी या लिनक्सवरच्या ड्रायव्हरमुळे अडचण येत नाही, पण काही कंपन्यांच्या जुन्या लेझर प्रिंटरचे लिनक्स ड्रायव्हर मिळवणं जिकिरीचं असतं, आणि फॉर्मची प्रिंट निघाली नाही तर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ जाईल. पूर्ण मॉडेल नंबर कळवा, मिंट टाकायच्या आधी. तोवर पेन ड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून, न बसवता, एक पान छापून बघा.